दुसऱ्या पक्षाची कैफियत

एकदा पाहिलेला चित्रपट पुन्हा पाहणे, आणि तोही एकदोनदा नव्हे तर आयुष्यभर अधूनमधून पाहत राहणे, या सवयीकडे आपल्यातील सुशिक्षित वर्ग आजही किंचित संशयाने पाहतो. ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही, एकाच गवयाच्या तोंडून एकच राग वर्षानुवर्षे ऐकणाऱ्याला रसिक ही पदवी आपण आनंदाने बहाल करतो, संगीत नाटकांच्या काळात एकाच नाटकाच्या प्रयोगांना पुनःपुन्हा हजेरी लावणाऱ्यांच्या कथा कौतुकाने सांगितल्या जातात. परंतु ‘संत तुकाराम’ किंवा ‘कुंकू’ आपण कितव्यांदा पाहत आहोत याचा ज्याला हिशेब देता येत नाही, अशा माणसाला मात्र, गोष्ट ठाऊक असताना पुन्हा काय पाहता, हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. या प्रश्नामागे एक गृहीतक दडलेले असते, ते असे की चित्रपट म्हणजे त्याची गोष्ट आणि गोष्ट म्हणजे तिचा शेवट. शेवट कळला की प्रकरण निकालात निघाले आणि कागद दप्तरदाखल झाले. हे गृहीतक मला मुळातच चुकीचे वाटते, आणि ते का चुकीचे आहे याचा शोध घेत गेले असता पुन्हा पाहण्याजोगा चित्रपट कोणता, याची एक कसोटीही हाती लागते. तिची मांडणी येथे करावयाची आहे.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे ठेवला तेव्हा त्या गर्दीत हरिश्चंद्राचे पुढे काय होणार याची चिंता असलेला इसम शोधूनही सापडला नसता. आजीच्या मांडीवर, देवळातल्या कीर्तनात आणि नाटक मंडळ्यांच्या कनातीत ती कथा त्यांनी इतक्या वेळा ऐकली-पाहिली होती की पडद्यावरचा पहिला खेळ हाच त्यांच्या दृष्टीने एक पुनर्दर्शनाचा प्रसंग होता. आपल्या देशातील चित्रपटाचा प्रेक्षक जन्मतःच शेवट जाणणारा प्रेक्षक आहे, आणि तो तिकीट काढून आला तो शेवट जाणून घेण्यासाठी नव्हे. स्मशानात उभा असलेला राजा स्वतःच्या मृत पुत्राच्या दहनाचा कर स्वतःच्या पत्नीकडे मागतो, त्या क्षणी धन्याशी इमान राखणारा सेवक आणि पुत्र गमावलेली माता या दोघांचेही म्हणणे खरे असते. चांगला हरिदास कथेतील पुढचे प्रसंग आटोपते घेईल, पण या प्रसंगावर रेंगाळेल, कारण श्रोत्यांनी ज्यासाठी बैठक मारलेली असते ते हेच, की दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर आल्या आहेत आणि त्यांतील एकीचीही बोळवण करता येत नाही.

पुनर्दर्शनाच्या समर्थनार्थ एक उत्तर नेहमी दिले जाते. चित्रपट तोच राहतो, पाहणारा बदलतो. विशीत पाहिलेले चाळिशीत निराळे दिसते, असे ते उत्तर आहे. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. केवळ आपले वय वाढल्याने चित्रपट नवा होत असता तर विशीत आवडलेला कोणताही चित्रपट चाळिशीत नवा व्हावयास हवा होता; प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक चित्रपट दुसऱ्या भेटीतच सुकून जातात, आणि ज्यांच्यासाठी आपण एके काळी डोळे ओले केले ती पात्रे आता आपल्याकडून अश्रू मागून घेत होती हे स्पष्ट दिसू लागते. म्हणजे बदललेल्या प्रेक्षकाला देण्यासारखे काही त्या कृतीत आधीपासून शिल्लक असावे लागते. प्रश्न आहे तो या शिलकीचा.

माझे उत्तर असे आहे. कोणताही चित्रपट पहिल्यांदा पाहताना आपण जो निवाडा देतो तो कायद्याच्या भाषेत एकतर्फी हुकूमनामा असतो. दिग्दर्शक आपल्याला कोणाच्या तरी शेजारी बसवितो, त्याच्या डोळ्यांनी पाहावयास लावतो, त्याच्या भयाने भिववितो. आणि पुढे काय होणार ही उत्कंठा इतकी प्रबळ असते की दुसऱ्या पक्षाला काही सांगावयाचे आहे काय, हे विचारण्याची सवड आपल्याला नसते. शेवट ठाऊक झाल्यावर ही घाई संपते. आता डोळा नायकाला सोडून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे जाऊ शकतो, आणि तेथे त्याला दोहोंपैकी एक गोष्ट आढळते: एक तर तो कोपरा रिकामा असतो, तेथे नायकाचा मोठेपणा सिद्ध करण्यापुरते एक बाहुले उभे केलेले असते, किंवा तेथे एक संपूर्ण माणूस असतो आणि त्याची कैफियत, कोणी वाचो अथवा न वाचो, शब्द न शब्द लिहून ठेवलेली असते. ज्या चित्रपटात अशी कैफियत आहे तो पुन्हा पाहता येतो, जेथे नाही तेथे फेरतपासणीला काही विषयच उरत नाही.

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ची परीक्षा मी प्रथम घेतो, कारण त्यात या कसोटीला उतरणारे आणि न उतरणारे असे दोन्ही भाग आहेत. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलेला आणि शिवराम वाशीकरांनी लिहिलेला हा चित्रपट १९३६ चा. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पहिल्या दर्शनी तो सर्वस्वी विष्णुपंत पागनीसांचा असतो. एके काळी नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करणाऱ्या या नटाने तुकोबांच्या मुद्रेला जे आर्जव दिले, डोळ्यांत जी अन्यमनस्कता आणली, तिच्यापुढे आपण हात जोडतो, आणि त्यांच्याशी कडाकडा भांडणारी त्यांची पत्नी जिजाई ही त्या भक्तीच्या मार्गातील एक अडचण आणि आपल्या करमणुकीची एक सोय एवढीच वाटते. पुढच्या खेपांना मात्र चित्रपट हळूहळू गौरीच्या ताब्यात जातो. ‘प्रभात’मध्ये अगदी किरकोळ कामांपासून सुरुवात केलेल्या या अभिनेत्रीने जिजाईचे चालणे, वाकणे, पोरांवर ओरडणे आणि त्याच दमात त्यांना जवळ घेणे ज्या अस्सलपणाने केले आहे ते पाहताना लक्षात येते की या घरात मुलांच्या तोंडात घास कसा पडेल याची विवंचना करणारे एकच माणूस आहे, आणि ते माणूस तुकोबा नव्हेत.

मूल आजारी पडते तेव्हा ही बाई हाती वहाण घेऊन थेट विठ्ठलावर चालून जाते, तो प्रसंग आठवावा. प्रथमदर्शनी तो पाखंडाचा वाटतो. पण त्या देवळात देवाला साक्षात उत्तरदायी समजणारी तीच एकटी आहे. दगडाच्या मूर्तीला कोणी वहाण दाखवीत नाही, ती दाखविली जाते ज्याने आपले ऐकावे आणि ऐकले नाही अशा घरच्या माणसाला. विठ्ठलाशी भांडणे हे वारकरी परंपरेत नवे नाही. जनाबाईने त्याला शिव्या घातल्या आहेत, खुद्द तुकोबांनी त्याच्यापुढे कठोर शब्द उच्चारले आहेत. जिजाई टाळ हाती न घेता त्याच पंक्तीत जाऊन उभी राहते. हे दिग्दर्शकांनी कोणाच्याही तोंडून वदविलेले नाही, आणि म्हणूनच ते पहिल्या खेपेला निसटते. शेवटी तुकोबांना घेऊन विमान आकाशात जाते तेव्हाही पहिल्यांदा पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच वर असते, कारण त्या काळातील चित्रणाचे कौशल्य तेथे पणाला लागले आहे; परंतु चित्रपट ज्याच्या परिचयाचा आहे त्याची दृष्टी जमिनीवर मागे राहिलेल्या बाईकडे जाते, जिला उद्याही मुलांना जेवू घालावयाचे आहे.

सालोमालो मात्र कितीही वेळा पाहिला तरी तसूभरही बदलत नाही. तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपविणाऱ्या माणसाच्या मनात, ते अभंग आपल्या अभंगांहून सरस आहेत ही कबुली कोठे तरी असलीच पाहिजे. दुसऱ्याच्या प्रतिभेपुढे मनातल्या मनात नमणारा आणि त्या नमण्याचाच सूड घेणारा माणूस ही किती विलक्षण सामग्री होती! परंतु त्याला दुष्टपणाचे आणि हास्यास्पदतेचे सोंग देऊन वाशीकर-दामले-फत्तेलालांनी त्याची बाजू कोर्टात उभीच राहू दिली नाही, आणि त्याचे प्रसंग येतात तेव्हा जुना प्रेक्षक, माझ्यासारखा निस्सीम चाहताही, थोडासा अधीर होतो. जिजाईने जिंकलेल्या या चित्रपटातला तेवढा भाग हरलेला आहे असे मी मानतो.

व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’मध्ये, १९३७ साली, हीच गोष्ट अधिक धैर्याने केलेली आढळते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात फसवणुकीने एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा हे लग्न मानावयास साफ नकार देते, आणि शांता आपट्यांचा तो करारी आवाज ऐकल्यावर न्याय कोणाच्या बाजूला आहे याविषयी तिळमात्र शंका उरत नाही. तशी शंका असूही नये. परंतु केशवराव दात्यांचे काकासाहेब हे केवळ तिच्या फिर्यादीतील आरोपी नाहीत. आरशापुढे उभे राहून स्वतःच्या वयाशी झगडणारा, घरातील घड्याळाने अस्वस्थ होणारा, आयुष्यभर दुसऱ्यांची प्रकरणे चालविलेला हा गृहस्थ हळूहळू स्वतःच्याच विरुद्ध निकाल लिहू लागतो, आणि तो निकाल कसा तयार झाला याचे टप्पे दुसऱ्या-तिसऱ्या दर्शनातच दिसतात. येथे शांतारामांनी एक मोठा निर्णय घेतला होता: चित्रपटाला पार्श्वसंगीत दिले नाही, घरातील आणि रस्त्यावरील स्वाभाविक आवाजच तेवढे ठेवले. पार्श्वसंगीत हा दिग्दर्शकाने प्रेक्षकाच्या कानाशी बसविलेला वकील असतो. कोठे कळवळावे, कोठे संतापावे, हे तो कुजबुजत राहतो. तो वकील ‘कुंकू’त गैरहजर असल्यामुळे काकासाहेबांची बाजू आपल्याला आपल्या कानांनी ऐकता येते. त्यांच्या आत्मघाताने केलेला शेवट मात्र मला उत्तरोत्तर कमकुवत वाटत आला आहे. त्यांचा खरा निकाल त्याआधीच लागून चुकला होता. मृत्यूने नीरेची वाट मोकळी झाली, पण ज्या माणसाने आपली चूक ओळखली त्याला ती चूक घेऊन जगण्याचा अधिक अवघड हुकूम व्हावयास हवा होता.

या कसोटीला रहस्यपट अपवाद ठरतील असे कोणी म्हणेल, कारण तेथे तर रहस्य फुटले की सर्व संपले. बहुसंख्य रहस्यपटांचे तसे होतेही. पण हिचकॉकचा १९५८ चा ‘व्हर्टिगो’ पाहावा. उंचीच्या भयाने पोलिसांची नोकरी सोडलेला एक माणूस मित्राच्या सांगण्यावरून त्याच्या पत्नीच्या पाळतीवर राहतो, तिच्यात गुंततो, घंटाघराच्या मनोऱ्यावरून तिला कोसळताना पाहतो, आणि पुढे तिच्यासारख्या दिसणाऱ्या एका सामान्य मुलीला तिचेच रूप देण्याचा हट्ट धरतो. ती सामान्य मुलगी हीच ते सोंग घेणारी होती, हे गुपित हिचकॉक शेवटपर्यंत न राखता बऱ्याच आधी आपल्या हवाली करतो. रहस्याचा हा अपव्यय वाटतो, पण त्यामुळेच दुसऱ्या दर्शनी संपूर्ण पूर्वार्ध उलटा होतो: ज्या गूढ स्त्रीकडे आपण नायकासह भारावून पाहत होतो तिच्या जागी आता पैशांसाठी सोंग वठविणारी, आणि सोंग वठविता वठविता खरोखर प्रेमात पडलेली, भ्यालेली एक मुलगी दिसते. किम नोवाकची एकही मुद्रा बदललेली नाही आणि तरी एकही मुद्रा पूर्वीची राहिलेली नाही.

सत्यजित राय यांचा ‘पाथेर पांचाली’ (१९५५) हा मात्र माझ्या लेखी या कसोटीचा मानदंडच आहे. त्यात कोणी दुष्ट नाही असे म्हणण्याची रीत आहे. ती प्रथम पाहणाऱ्याच्या अनुभवाशी जुळत नाही. प्रथम पाहणाऱ्याला सर्वजया क्रूर वाटते. ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवींनी साकारलेली ती वाकलेली, बोळक्या तोंडाची इंदिर ठाकरुण, तिची चोरून घेतलेली स्वयंपाकघरातली चीजवस्तू, घरातील मुलगी दुर्गा हिच्यावरचे तिचे प्रेम, आणि शेवटी आजारी होऊन ती परत येते तेव्हा सर्वजयेने तिला दिलेला तो थंड नकार, हे पाहून त्या घरधनिणीविषयी मनात कडवटपणा दाटतो. तहानलेली म्हातारी पाणी पिते, उरलेले एका रोपट्याला घालते आणि निघून जाते. बांबूच्या बनात तिला मृत्यू येतो. आता हाच भाग सर्वजयेकडे डोळे लावून पाहावा. नवरा हरिहर भला, विद्वान आणि बेभरवशाचा. त्याचा थकलेला पगार मागण्याचे धैर्य त्याच्यात नाही. शेजारीण मुलीवर चोरीचा आळ घेते. घरातील एकेक भांडे विकावे लागते, आणि या सर्व ओढाताणीत कोणाच्या तरी तोंडचा घास कमी केल्याशिवाय मुलांचा घास पुरा होत नाही. तिने दुबळ्यात दुबळे माणूस निवडले. ही निवड घोर होती हे ती जाणते, आणि करुणा बॅनर्जींच्या चेहऱ्यावर ते लिहिलेले आहे, इतक्या बारीक अक्षरांत की पहिल्या वाचनात ते लागत नाही. पुढे दुर्गा गेल्यानंतर हरिहर घरी परततो, मुलीसाठी आणलेली साडी बायकोपुढे धरतो आणि ती कोसळते, तेव्हा राय तिच्या आक्रोशाचा आवाज काढून घेऊन त्या जागी तारशहनाईचा स्वर ठेवतात. त्या स्वरात केवळ मुलीचा शोक आहे असे आता मला वाटत नाही. बनात मरून पडलेल्या म्हातारीचेही देणे त्यात चुकते होत आहे.

यासुजिरो ओझूच्या ‘तोक्यो स्टोरी’त, १९५३ साली, कैफियत मांडणारा तर प्रत्यक्ष पडद्यावरच उभा केला आहे. ओनोमिचीहून मुलांना भेटावयास तोक्योला आलेले वृद्ध दांपत्य, त्यांच्यासाठी सवड नसलेला डॉक्टर मुलगा, केशभूषेचे दुकान चालविणारी फटकळ मुलगी शिगे, आणि युद्धात वारलेल्या मुलाची विधवा नोरिको, जी परकी असून सर्वांहून जवळची ठरते: एवढ्यावरून कोणीही निकाल देऊन टाकील. आईच्या मृत्यूनंतर धाकटी मुलगी भावंडांच्या स्वार्थाविषयी संतापाने बोलते तेव्हा नोरिको, जिला तक्रारीचा सर्वांत मोठा हक्क, तीच त्यांची वकिली करते. मुले मोठी झाली की त्यांचे स्वतःचे जग होते, हे ती हसतमुखाने आणि विलक्षण खिन्नतेने समजावते. ते ऐकून पुन्हा आरंभापासून पाहिले की शिगेच्या बाजूचे दाखले सापडू लागतात. वडील रात्री मद्यपान करून येतात तेव्हा तिच्या तोंडून निघते की पूर्वी ते असेच येत आणि आईला त्याचा त्रास होई. म्हणजे या शांत, सोशिक, सर्वांना प्रिय वाटणाऱ्या म्हाताऱ्याचा एक भूतकाळ आहे आणि तो या मुलीने लहानपणी सोसला आहे. ओझू हे एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो.

केवळ आनंदासाठी, संवाद पाठ म्हणण्यासाठी पुनःपुन्हा पाहिले जाणारे चित्रपटही आहेत. १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ महाराष्ट्रातील कित्येक घरांत असा मुखोद्गत आहे, आणि चार माणसे एकत्र बसून पुढचे वाक्य नटाच्या आधी उच्चारतात त्या सुखाला मी जराही कमी लेखीत नाही. ते सामूहिक गायनाच्या जातीचे सुख आहे, आणि येथे मी ज्याची चर्चा करीत आहे त्याहून निराळे आहे. त्याला माझी कसोटी लावणे अन्यायाचे होईल.

फेरतपासणीला मूळ कागद शाबूत असावे लागतात, हेही येथेच सांगितले पाहिजे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी उभे आयुष्य वेचून अडगळीतून, गोदामांतून, विसरलेल्या पेट्यांतून रिळे गोळा केली. त्यापूर्वीचे आणि त्यानंतरही निसटलेले कितीतरी आज कोणाच्याच नजरेस पडणार नाही. २००३ च्या आगीत त्या संग्रहातील नायट्रेटवरची जुनी रिळे जळाली. याउलट जे उरले आहे ते पूर्वी कधी नव्हते इतके सुलभ झाले आहे. जत्रेतल्या तंबूची, मॅटिनीच्या खेळाची, दूरदर्शनवरील शनिवारच्या मराठी चित्रपटाची वाट पाहण्याचे दिवस गेले. चित्रपट हातातल्या फोनवर हजर आहे. या सोयीचे मी स्वागत करतो, पण तिच्याबरोबर एक नवी वहिवाट पडली आहे, ती म्हणजे सबंध चित्रपटाऐवजी त्यातील दोन मिनिटांचा तुकडा पुनःपुन्हा पाहणे. तो तुकडा बहुधा नायकाच्या टाळीच्या वाक्याचा असतो. पूर्वीचा एकतर्फी हुकूमनामाच त्यामुळे रोज नव्याने बजावला जातो, आणि ज्याची कैफियत तुकड्याबाहेर राहिली तो कायमचाच बाहेर राहतो.

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो मला स्वतःला दीर्घकाळ सतावीत आला आहे. दुसऱ्या पक्षाचे इतके ऐकत गेल्यास अपराधाला अपराध म्हणण्याची शक्तीच क्षीण होणार नाही काय? जिजाई, सर्वजया, शिगे या काही गुन्हेगार नव्हेत. पण जेथे खरोखर रक्त सांडले आहे तेथे काय? याचे उत्तर मला जब्बार पटेलांच्या ‘सामना’ने दिले. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेलेला हा चित्रपट प्रथम पाहताना दारूत बुडालेल्या, एके काळी स्वातंत्र्याच्या ध्येयाने भारलेल्या मास्तरांचा असतो, आणि नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले हा डॉ. श्रीराम लागूंनी लावून धरलेला प्रश्न थिएटरबाहेरही पाठ सोडीत नाही. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील तेव्हा साखर कारखान्याचा मग्रूर धनी म्हणून ध्यानात राहतो. पुन्हा पाहताना दिसते की हा माणूस कर्तबगार आहे, त्याने माळरानावर काही उभे केले आहे, त्याला माणसे ओळखता येतात, आणि रस्त्यावर पडलेल्या एका फाटक्या म्हाताऱ्याला घरी आणून वागविण्यात त्याची करमणूक असली तरी त्या म्हाताऱ्याकडून मान्यता मिळावी अशी एक विचित्र भूकही आहे. वाड्यात हांजी-हांजी करणारे पुष्कळ, बरोबरीने बोलणारा कोणी नाही. हे सर्व खरे मानल्यावर त्याचा गुन्हा हलका होतो काय? माझ्या अनुभवाला तो जड झाला. मूर्ख आणि राक्षसी माणसाने केलेला खून ही एक आपत्ती असते. बुद्धिमान, कर्तृत्ववान, दुसऱ्याचे मन कळणाऱ्या माणसाने सर्व समजून करविलेला खून हा त्याच्या प्रत्येक सद्गुणावर बसलेला डाग असतो. एकतर्फी निकालाने हिंदुरावला शिक्षा झाली असती, पण त्याची बाजू ऐकल्यानंतर झालेल्या निकालावर त्याला अपील उरत नाही.

आणि हे ध्यानात आल्यावर ‘सामना’ पाहताना माझे लक्ष आता मास्तर आणि हिंदुराव या दोघांवरूनही उडून मारुती कांबळेकडे जाऊ लागले आहे. सबंध चित्रपटात त्याचे नाव घुमते, पण तो स्वतः पडद्यावर वावरतो ते थोडा वेळ. दोन मातब्बर नटांच्या झुंजीत ज्याच्यासाठी ती झुंज चालली आहे त्याचीच बाजू सर्वांत कमी नोंदली गेली आहे. तेंडुलकरांनी हे हेतुपुरस्सर केले असावे, कारण अशा माणसांची नोंद प्रत्यक्षातील दप्तरांतही याहून अधिक होत नाही. की ती त्यांच्याही नजरेतून निसटलेली बाजू आहे, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही, आणि तो करण्यासाठी ‘सामना’ मला पुन्हा पाहावयाचा आहे.